धाकूच्या तीन झडपा

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं, आणि त्या गावात एक भोळा माणूस राहत होता. त्याचं नाव धाकू. अंगानं असा, की दोन माणसांचं ओझं एकटा उचलेल. डोक्यानं असा, की कुठं ठेवायचं ते सांगितलं नाही तर संध्याकाळपर्यंत उचलूनच धरेल.

धाकू आळशी नव्हता. खोटंही बोलत नसे. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करी, आणि सगळा घोटाळा तिथंच होई.

त्याची बायको येसू हुशार होती. लग्न ठरलं तेव्हा तिला सगळे म्हणाले, "सांगितलेलं ऐकणारा नवरा मिळायला नशीब लागतं." आता सात वर्षांनी येसू कुणाला काही सांगायचं म्हटलं की आधी पाणी प्यायची, मग बोलायची.

एका सोमवारी पंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा झाला. शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला वादळ येणार. वादळाचं नाव चंपा. सरकारचं सांगणं आहे, की सगळ्यांनी दारं-खिडक्या भक्कम करून घ्याव्यात.

धाकूच्या घराला तीन खिडक्या होत्या. त्यांना गज होते, झडपा नव्हत्या. होत्या त्या वाळवीनं खाऊन टाकल्या होत्या. नव्या सागवानी झडपा करायच्या तर म्हैस विकावी लागली असती, आणि म्हैस तर आज-उद्या व्यायला झाली होती.

येसू म्हणाली, "सागवान नको नि काही नको. बांबूच्या चौकटी करू. दोन्ही बाजूंनी जाड प्लास्टिक ताणून बसवू. कडेनं सायकलची जुनी ट्यूब लावू, म्हणजे खिडकीत गच्च बसतील. वारा नाही, पाणी नाही, उजेड तेवढा येईल."

"मी काय करू?" धाकूनं विचारलं.

येसू पाणी प्याली. काम सोपंच द्यायला हवं होतं. "तुम्ही तातूमेस्त्रीकडे जा. खिडकीचं माप घेऊन जा. तो त्या मापानं कामट्या तासून देईल."

एवढं सांगून ती म्हशीला घेऊन पाण्यावर गेली.

धाकू खिडकीसमोर उभा राहिला. माप कुठं आहे ते त्याला दिसेना. त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं, गजांच्या मागं हात घालून चाचपलं. मग त्याच्या लक्षात आलं. माप खिडकीला चिकटलेलं असणार. एकटं सुटायचं नाही. त्यानं पहार आणली, खिडकी चौकटीसकट भिंतीतून उपटली आणि खांद्यावर घेऊन निघाला.

तातूमेस्त्री ओट्यावर दात कोरत बसला होता. त्यानं दातकोरणं खाली ठेवलं.

"धाकू, हे काय आणलंस?"

"माप."

"ही खिडकी आहे."

"माप त्यातच आहे. तुम्ही काढून घ्या, बाकीची मी परत नेतो."

तातूमेस्त्रीनं गावात चाळीस वर्षं सुतारकी केली होती. पण खिडकी अशी चालून आलेली त्यानं पाहिली नव्हती. त्यानं धाकूला जवळ बसवलं. "अरे, वस्तू आणायची नसते. वस्तू जागच्या जागी राहू द्यायची. सुतळी घ्यायची, खालपासून वरपर्यंत लावायची, संपेल तिथं गाठ मारायची. मग नुसती सुतळी घेऊन यायचं. कळलं?"

"कळलं. वस्तू तिथं, सुतळी इथं."

येसू म्हशीला घेऊन परतली. अंगणात उभं राहून तिला भिंतीतून थेट आतली चूल दिसत होती. म्हैसही त्या भोकाकडं बघत होती. सकाळी घराला तीन खिडक्या होत्या. आता दोन खिडक्या आणि एक भगदाड होतं. येसूनं पदर खोचला आणि माती कालवायला घेतली. खिडकी परत बसली, पण जराशी तिरकी.

धाकूला वाईट वाटलं. संध्याकाळी त्यानं सुतळीचं बंडल कमरेला बांधलं, आणि पुन्हा चूक करायची नाही असं ठरवलं.

बुधवारी येसूची आई यायची होती. कोंडाबाई तिचं नाव. तिचं झोपडं खाडीपलीकडं अगदी पाण्याला लागून होतं, म्हणून येसूनंच तिला वादळापुरतं बोलावून घेतलं होतं.

"स्टँडवर जा आणि आईला घेऊन या," येसू म्हणाली.

धाकू स्टँडवर गेला. कोंडाबाई गाठोडं मांडीवर घेऊन बाकावर बसली होती.

"आत्याबाई, जरा उभ्या राहा," धाकू म्हणाला.

जावई पाया पडणार असं वाटून कोंडाबाई गुडघे धरत उठली. धाकू वाकला. त्यानं सुतळीचं टोक तिच्या अंगठ्यापाशी धरलं. "औक्षवंत व्हा," कोंडाबाई म्हणाली. सुतळी पायापासून वर चढत डोक्यापर्यंत गेली. तिथं धाकूनं गाठ मारली.

"झालं. बसा आता," तो म्हणाला आणि निघून गेला.

कोंडाबाई बसली. जावई आपल्याला लुगडं घेणार असेल, असं तिला वाटलं. पण लुगड्याला उंची कशाला मोजायची, हे तिला कळेना.

घरी येऊन धाकूनं सुतळी येसूच्या हातात ठेवली.

"आई कुठाय?"

"जागच्या जागी. अजिबात हलवल्या नाहीत."

"मग हे काय?"

"ह्या आत्याबाई. गुडघ्यात जरा वाकलेल्या आहेत, म्हणून दोन बोटं जास्त धरली."

येसू धावतच स्टँडवर गेली. आईला घेऊन परतेपर्यंत दुपार टळली होती. कोंडाबाईनं वाटेतच सगळं विचारून घेतलं होतं, त्यामुळं तिला आता लुगड्याची आशा राहिली नव्हती.

येसूनं नवऱ्याला समोर उभं केलं. "असं आणतात का? हाताला धरायचं. सावकाश चालवत आणायचं. विहिरीपाशी थांबून पाणी पाजायचं. दमलात का म्हणून विचारायचं. एवढं करायचं असतं."

"हाताला धरायचं, चालवायचं, पाणी पाजायचं, विचारायचं," धाकू पुटपुटला. त्यानं ते रात्री जेवतानाही दोनदा म्हणून घेतलं.

गुरुवारी सकाळी चौकटी तयार होत्या. तातूमेस्त्रीनं स्वतः येऊन माप घेतलं होतं आणि कामट्या आणून दिल्या होत्या. धाकूला त्यानं हात लावू दिला नव्हता. आता फक्त प्लास्टिक राहिलं होतं.

भोंग्यावर पुन्हा पुकारा झाला. चंपा वेगानं येत आहे.

"चंपा?" कोंडाबाई म्हणाली. "माझ्या जावेचं नाव. बरोबर ठेवलंय. ती घरात शिरली की अशीच भांडी वाजतात."

येसू हसली. धाकू हसला नाही. त्यानं ते नुसतं लक्षात ठेवलं.

"तुम्ही बाजारात जा," येसू म्हणाली, "आणि पंधरा हात प्लास्टिक घेऊन या."

दुकानदारानं प्लास्टिक घडी करून दिलं. धाकूनं रस्त्यावर येताच घडी मोडली, एक कोपरा हातात धरला आणि सावकाश निघाला. प्लास्टिक मागून खडीवरून सरसरत येऊ लागलं. करवंदीच्या जाळीपाशी ते अडलं.

"दमलात का?" धाकूनं विचारलं.

प्लास्टिक काही बोललं नाही. धाकूनं जरा वाट पाहिली, मग हलकेच ओढलं. टर्र आवाज आला. तो त्यानं होकार धरला.

विहिरीपाशी त्यानं एक पोहरा काढून प्लास्टिकवर ओतला. पाणी भरायला आलेली एक बाई बघत राहिली.

"काय नेताय, धाकूभाऊ?"

"प्लास्टिक. येसूनं मागवलंय."

"असं चालवत?"

"खांद्यावर घेतलं असतं. पण मागच्या वेळी मी चालवलं नाही, तर बोलणी बसली."

बाईनं कळशी उचलली आणि नेहमीपेक्षा लवकर घरी गेली.

प्लास्टिक घरी पोचलं तेव्हा त्यात चिखल होता, करवंदीचे काटे होते, आणि भोकं होती. कोंडाबाईनं भोकं मोजली. सतरा भरली. दुसरं आणायला वेळ नव्हता. मग ती स्वतःच लंगडत पंक्चरवाल्याकडं गेली, ट्यूबचे तुकडे आणि चिकटवायचं सोल्यूशन घेऊन आली, आणि अंगणात बसून एकेक भोक बुजवू लागली.

बुजवता बुजवता ती जावयाला म्हणाली, "जावईबापू, बाहेरून काही आणायचं तर गच्च गुंडाळायचं. दोन्ही टोकांना आणि मधोमध दोरीनं बांधायचं. डोक्यावर घ्यायचं आणि कुठं न थांबता घरी यायचं. वाटेत फडफडलं तर आणखी आवळायचं."

"फडफडलं तर आणखी आवळायचं," धाकू म्हणाला. हे सोपं होतं. हे आधीच का कुणी सांगितलं नाही, असं त्याला वाटलं.

शुक्रवारी सकाळी तिन्ही झडपा तयार झाल्या. येसूनं त्या खिडक्यांत बसवल्या. खाली-वर लाकडी खिट्या फिरवल्या की झडप जागची हलत नव्हती. तिरक्या खिडकीची झडप तिरकीच केली होती. आत दुधासारखा उजेड पडला. सतरा ठिगळांच्या काळ्या टिकल्या दिसत होत्या, पण वाऱ्याला आत यायला एक फट नव्हती. धाकू कितीतरी वेळ झडपेवर तळहात ठेवून उभा होता. आपल्या घरात असं काही असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

तेवढ्यात गावात बातमी फिरली. तलाठी भाऊसाहेब पंचायतीत आले होते. ज्यांच्या खिडक्या बंद होत नाहीत, त्यांनी शाळेत राहायला जायचं, असा हुकूम होता. आणि शाळेत गुरंढोरं आणायची नव्हती.

"मी म्हशीला सोडून जाणार नाही," येसू म्हणाली. "तुम्ही भाऊसाहेबांना घेऊन या. एकदा त्यांना झडपा डोळ्यांनी बघू देत. मग ते शाळेत धाडायचे नाहीत."

भाऊसाहेब नवे होते आणि अंगानं किरकोळ होते. पंचायतीत सतरंजीवर बसून ते यादी लिहीत होते. समोर बाकावर सरपंच आणि दोन सभासद बसले होते.

"भाऊसाहेब, तुम्हाला घरी घेऊन जायला आलोय," धाकू म्हणाला.

"येतो हां. एवढं पान संपवतो आणि..."

पुढचं वाक्य सतरंजीत गेलं. धाकूनं एका बाजूनं गुंडाळायला सुरुवात केली आणि दुसऱ्या बाजूला पोचला तेव्हा भाऊसाहेब मध्ये होते. दोन टोकांना सुतळी बांधली, मधोमध बांधली. वळकटी डोक्यावर गेली.

सरकारी माणूस असा जाताना सरपंचांनी कधी पाहिला नव्हता. ही वादळाची तालीम असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सभासदांनीही वाजवल्या.

वाटेत भाऊसाहेब फडफडले. धाकूनं आणखी आवळलं.

अंगणात आल्यावर त्यानं वळकटी अलगद खाली ठेवली.

"एवढी मोठी सतरंजी कशाला आणली?" कोंडाबाईनं विचारलं.

सतरंजी शिंकली.

येसूनं धावत जाऊन सुतळ्या कापल्या. भाऊसाहेब बाहेर आले. पेन अजून त्यांच्या हातात होतं आणि शर्टावर खिशापासून कॉलरपर्यंत निळी रेघ ओढली गेली होती. येसू म्हणाली, "चहा टाकते."

भाऊसाहेब तसे भले गृहस्थ होते. शिवाय त्यांना अजून नीट दिशा कळत नव्हत्या. दोन कप चहा पोटात गेल्यावर त्यांनी झडपा पाहिल्या. बुक्की मारून पाहिली. बाहेरून घागरभर पाणी फेकायला लावलं आणि आत हात फिरवून पाहिला. हात कोरडा राहिला.

"घरच्या घरी केल्यात?" त्यांनी विचारलं. "छान आहेत. तुम्ही इथं राहिलात तरी चालेल."

येसूचा जीव भांड्यात पडला. भाऊसाहेबांनी मग धाकूला जवळ बोलावलं, पण फार जवळ नाही.

"हे बघा, सरकारी माणसाला आणायला जायचं नसतं. तो स्वतः कळवून येतो. अमक्या वारी, अमक्या वाजता. त्यानं यायच्या आधी तुम्ही दारं-खिडक्या सताड उघडून ठेवायच्या. दारात उभं राहायचं, हात जोडायचे, 'यावं' म्हणायचं. चहा पुढं करायचा. मग तो आत जी काय उलथापालथ करेल ती करू द्यायची. मध्ये पडायचं नाही."

"आणि जाताना रिकाम्या हातानं पाठवायचं नाही," कोंडाबाई मागून म्हणाली. "'पुन्हा या' म्हणायचं."

येसूनं भाऊसाहेबांच्या हातात एक नारळ दिला. "पुन्हा या," ती म्हणाली. भाऊसाहेब नारळ काखेत मारून भरभर चालत गेले.

शनिवार उजाडला तो काळवंडलेलाच. दुपारी खाडीचं पाणी शिशाच्या रंगाचं झालं. येसूनं तिन्ही झडपा बसवल्या, खिट्या घट्ट केल्या, मागचंपुढचं दार ओढून घेतलं. आता वाट बघायची, एवढंच उरलं होतं. पण साडेतीनच्या सुमाराला म्हशीनं हंबरडा फोडला. तिला कळा सुरू झाल्या होत्या.

गोठा घरामागं होता, चिऱ्याचा, बिनखिडकीचा, दीड हात जाड भिंतींचा. येसू आणि कोंडाबाई कंदील आणि गोणपाट घेऊन तिकडं धावल्या. जाता जाता येसू म्हणाली, "तुम्ही घराकडं बघा."

ती पाणी प्यायला विसरली होती.

धाकू घराकडं बघत बसला. तेवढ्यात भोंगा बोलला. चंपा गावाच्या वेशीवर येऊन ठेपली आहे.

धाकू उभा राहिला. त्यानं बोटांवर मोजलं. वार कळवला होता, शनिवार. वेळ कळवली होती, चार. सरकारनं कळवलं होतं. वर नाव होतं, आणि नावावरून बघावं तर त्या आत्याबाईंच्या जाऊबाई होत्या. आणि इथं दारं बंद, खिडक्या बंद, चुलीवर आधण नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली. आजवर प्रत्येक वेळी तो चुकला होता. या वेळी मात्र कसं वागायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं तिन्ही झडपा काढल्या आणि पडवीत नीट रचून ठेवल्या. पुढचं दार उघडलं, मागचं उघडलं. चहा केला. कप-बशी पाटावर मांडली. मग पडवीच्या खांबापाशी उभा राहून त्यानं हात जोडले.

"यावं, चंपाबाई."

चंपाबाई आल्या.

त्यांनी आधी चहा घेतला, कप-बशीसकट. मग त्या आत गेल्या. दोरीवरचे कपडे गेले, कॅलेंडर गेलं, पिठाचा डबा भिंतीवर आपटून पांढरा धूर निघाला. फडताळातली भांडी एकेक करून बाहेर आली. वरची कौलं पत्ते पिसावेत तशी पिसली जाऊ लागली. धाकू मध्ये पडला नाही. पाय जमिनीवर टिकेनात, तेव्हा त्यानं खांबाला मिठी मारली आणि खांबाच्या पलीकडून हात जोडून धरले. बाई फार बारकाईनं तपासतात, एवढंच त्याच्या मनात आलं.

बऱ्याच वेळानं त्याला वाटलं, आता पाहुणीबाई मागच्या दारानं निघाल्या. घरात नारळ उरला नव्हता. माडाचे होते ते त्यांनी स्वतःच घेतले होते. धाकूनं इकडंतिकडं पाहिलं. पडवीत झडपा होत्या. घरातली सगळ्यात चांगली वस्तू तीच होती. द्यायचं जरा जिवावर आलं, पण रिकाम्या हातानं कसं पाठवणार? त्यानं एक झडप उचलून वर धरली. ती लगेच घेतली गेली. दुसरी घेतली गेली. तिसरी, तिरकी, ती हवेत दोन गिरक्या घेऊन खाडीपार झाली.

आणि वारा थांबला. एकदम. ऊनसुद्धा पडलं.

धाकू अंगणात आला. तोंडापाशी हात धरून, माडांच्या पलीकडं ऐकू जाईल इतक्या जोरात तो म्हणाला, "चंपाबाई, पुन्हा या."

गोठ्यातून येसू आणि कोंडाबाई बाहेर आल्या. म्हैस सुखरूप व्याली होती. येसूचे हात कोपरापर्यंत माखले होते आणि चेहऱ्यावर हसू होतं. घर दिसलं तेव्हा ते हसू तसंच राहिलं, कारण पुढं काय करायचं ते चेहऱ्याला सुचलं नाही.

"झडपा कुठायत?"

"चंपाबाईंना दिल्या. नारळ नव्हता."

येसू उंबऱ्यावर बसली. धाकूनं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. दार उघडलं ते, हात जोडले ते, मध्ये पडलो नाही ते. ती ऐकत होती. आभाळ दिसत होतं, आतूनही. शेवटी ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "जाऊ दे. आपण तिघं आहोत. म्हैस आहे, रेडकू आहे. कौलं पुन्हा बसवू. ती गेली ना एकदाची, सुटलो."

"गेल्या कुठं?" धाकू म्हणाला. "मी तसं जाऊ देईन का? पुन्हा या म्हटलंय मी त्यांना."

त्याच क्षणी पंचायतीचा भोंगा खरखरला. गावकऱ्यांनी घराबाहेर पडू नये. ही मधली उघडीप आहे. चंपा उलट बाजूनं परत येत आहे.

पश्चिमेकडं आभाळ पुन्हा काळं होऊ लागलं होतं. येसूनं आईचा हात धरला आणि दोघी गोठ्याकडं धावत सुटल्या.

धाकू चूल पेटवायला वळला. मग काहीतरी आठवून तो दारात परत आला आणि त्यानं मागून हाक मारली, "आत्याबाई, तुमच्या जाऊबाई चहात साखर किती घेतात?"